शेतावरचा मुक्काम: पाहुणा, यजमान आणि मधली शेती

पौष महिना लागला, की सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील ज्वारीच्या रानांकडे शहरातील गाड्या वळू लागतात. रब्बी ज्वारीचा दाणा त्या सुमारास कोवळा, हिरवा आणि गोड असतो. बांधालगत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव पेटवतात; त्याला आगटी म्हणतात. कणसे आगटीत भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि सुटलेला हुरडा लसणाच्या किंवा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर खायचा. पूर्वी हे आमंत्रण सोयऱ्याधायऱ्यांपुरते होते. आता त्याला दर असतो, आगाऊ नोंदणी असते आणि अनेक ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाचीही सोय असते.

त्याच दिवसांत कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कॉफीची तोडणी सुरू असते आणि पंजाबात होशियारपूरकडच्या बागांमध्ये किन्नूची फळे पिकलेली असतात. तेथेही शेतकऱ्यांच्या आणि मळेवाल्यांच्या घरांत पाहुणे उतरतात. भाषा वेगळी, पीक वेगळे, ताटातले पदार्थ वेगळे; व्यवहार मात्र एकच. शेती करणारे कुटुंब आपल्या घरातील वा शेतातील काही खोल्या पाहुण्यांना देते, घरचे जेवण वाढते आणि शेत दाखवते. शासकीय परिभाषेत याला कृषी पर्यटन म्हणतात. सुटी घालवण्याचा हा प्रकार गेल्या दोन दशकांत देशभर रुजला असला, तरी त्याच्या नावाखाली अगदी वेगळ्या गोष्टीही विकल्या जातात. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी हा व्यवहार मुळात कसा चालतो, हे समजून घेतलेले बरे.

नाव एक, अर्थ दोन

'फार्महाऊस' हा शब्द मराठीत आता घरचाच झाला आहे, पण त्याचे अर्थ दोन आहेत. दिल्लीत छतरपूर-मेहरौलीच्या बाजूला फार्महाऊस म्हणजे उंच भिंतींमागचा बंगला, हिरवळ आणि लग्नाचा मांडव. मुंबई-पुण्याच्या आसपास, कर्जत, लोणावळा, अलिबाग या पट्ट्यात, तो बहुधा शनिवार-रविवारसाठी भाड्याने मिळणारा पोहण्याच्या तलावाचा बंगला असतो. भोवती चार आंब्याची कलमे आणि कोपऱ्यात भाजीचा एखादा वाफा असतो. यात गैर काही नाही. परंतु त्याला शेतावरचा मुक्काम म्हणता येणार नाही.

कायद्याच्या दृष्टीने शेतघर ही साधी वस्तू आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या शेतीच्या गरजेशी जोडलेली आहे. अवजारे, धान्य व चारा साठवणे, जनावरे बांधणे, शेतकऱ्याने व त्याच्या माणसांनी राहणे यांसाठीची ती इमारत होय. शिवाय शेतजमीन कोणी घ्यावी, यावरही अनेक राज्यांत बंधने आहेत. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट कायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यातील ११८ वे कलम असेच आहे आणि ते कडक समजले जाते. कर्नाटकाने मात्र २०२० मध्ये असे निर्बंध उठवले.

हा तपशील पर्यटकाला कोरडा वाटेल, पण त्यामागे गावाचा मोठा प्रश्न आहे. शहराजवळची जमीन एकदा विकली, की तिचे पैसे एका पिढीत संपतात. पूर्वीच्या मालकाच्या घरातील माणूस त्याच जमिनीवरच्या बंगल्याचा रखवालदार झालेला दिसतो, हे चित्र कोकणात आणि मावळात अपरिचित नाही. शेतकऱ्याने जमीन न विकता तिच्यावर पाहुणा ठेवणे, हा यावरचा एक उपाय आहे. कृषी पर्यटनाचे खरे महत्त्व येथे आहे. हवा, पाखरे आणि चुलीवरची भाकरी हे सारे त्यानंतरचे.

पैसा कोठून येतो, कोठे जातो

शेतकऱ्याच्या मालाचा भाव बाजार समितीत ठरतो. वाहतूक, हमाली, अडत वजा जाता हातात काय उरेल, हे त्याला आधी सांगता येत नाही. शेतावर आलेला पाहुणा हे गणित उलटे करतो. माल जागेवरून हलत नाही. गिऱ्हाईक मालापर्यंत येते. पोत्यातील ज्वारीचा भाव आणि पानातील भाकरीचा भाव यांत जे अंतर आहे, ते एरवी हॉटेलवाल्याच्या आणि मधल्या व्यापाऱ्यांच्या वाट्याला जाते. येथे ते शेतकऱ्याच्या घरात राहते. हुरड्यात तर आणखी एक फायदा आहे. पीक कापणीला येण्याआधीच काही रानाचे पैसे होतात आणि ताटे वैरणीला उरतात. कोरडवाहू भागात रब्बी ज्वारीचा पेरा टिकवून धरायला हुरड्याच्या मागणीने थोडा का होईना, हातभार लावला आहे. त्यासाठी गूळभेंडीसारखे खास वाण मुद्दाम पेरले जातात.

परंतु ही सारी मिळकत निव्वळ नफा नसते. शौचालये, गाद्या, पांघरुणे, स्वच्छ पाणी, विजेची पर्यायी सोय यांवर आधी खर्च करावा लागतो. पर्यटक येतात ते शनिवार-रविवारी आणि सुट्यांत. खोल्या मात्र सातही दिवस झाडाव्या लागतात. शेजाऱ्याने तलाव बांधला म्हणून कर्ज काढून तलाव बांधणारा शेतकरी या धंद्यात सर्वांत आधी अडचणीत येतो. कारण उन्हाळ्यात तलावाला लागणारे पाणी आणि पिकाला लागणारे पाणी एकाच विहिरीतून यायचे असते.

आणखी एक खर्च कोणत्याही हिशेबात दिसत नाही. तो म्हणजे घरातील स्त्रियांचे श्रम. वीस माणसांच्या भाकऱ्या, ठेचा, पिठले, सकाळचा नाश्ता आणि त्यानंतरची भांडी हे काम बहुतेक ठिकाणी घरच्या बायकांवर पडते आणि शेतातील त्यांचे काम काही कमी झालेले नसते. ज्या केंद्रांत स्वयंपाकाच्या कामाची मजुरी वेगळी मोजली जाते किंवा गावातील बचत गटाला ते काम दिले जाते, तेथे जेवणही चांगले असते आणि घरही शांत असते, असा अनुभव आहे. 'चुलीवरचे जेवण' ही पाटी वाचताना चुलीपुढे कोण बसले आहे, हा प्रश्न मनात यावयास हरकत नाही.

नियम काय सांगतात

ही कल्पना मुळात भारतातील नव्हे. इटलीने १९८५ मध्येच यासाठी स्वतंत्र कायदा केला. पाहुणचार हा शेतीला पूरक असावा आणि शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा, हे त्याचे सूत्र होते. महाराष्ट्रात २००५ मध्ये पांडुरंग तावरे यांनी 'ॲग्री टुरिझम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन' ही संस्था स्थापन केली. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे तिचे केंद्र उभे राहिले. ऊस, दूध, भाजीपाला अशी नेहमीची शेती पाहण्यासाठी शहरातील माणूस पैसे देईल, यावर तोवर फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पुढे राज्यात ठिकठिकाणच्या शेतकऱ्यांनी ही वाट धरली.

राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण मात्र २०२० मध्ये आले. पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करण्याची तरतूद त्यात आहे. केंद्रासाठी किमान एक एकर शेती असावी आणि शालेय सहली घ्यावयाच्या असल्यास किमान पाच एकर, अशी अट आहे. एक एकर ही मर्यादा मुद्दाम लहान ठेवलेली आहे, कारण ज्याला पूरक उत्पन्नाची गरज सर्वाधिक, तो शेतकरी अल्पभूधारकच असतो.

घरगुती निवासासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वेगळी योजना आहे. तिच्यात एका घरात कमाल सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा, देता येतात आणि मालकाने त्याच घरात राहणे आवश्यक असते. केरळ राज्य अशा घरांचे डायमंड, गोल्ड व सिल्व्हर असे वर्ग पाडते. हिमाचल प्रदेशाने २००८ मध्येच होम स्टे योजना सुरू केली. तपशील निरनिराळे असले, तरी मालक घरात राहतो की नाही, ही कसोटी महत्त्वाची आहे. व्यवस्थापकाच्या भरवशावर चालणारी आठ-दहा घरांची मालिका कितीही नेटकी असली, तरी ते हॉटेलच होय.

कराच्या बाबतीत मात्र अनेक शेतकऱ्यांचा गैरसमज आढळतो. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त आहे, म्हणून पाहुण्यांकडून आलेले पैसेही मुक्त असतील, असे धरले जाते. ते बरोबर नाही. शेतावरील इमारत वा जमीन निवासासाठी भाड्याने दिली किंवा धंद्यासाठी वापरली, तर ते उत्पन्न शेतीचे ठरत नाही, असे २००० सालच्या वित्त कायद्याने स्पष्ट केले आहे. त्यामुळे द्राक्षाचा हिशेब आणि खोलीचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीसाठी बहुतेक राज्यांत सेवा व्यवसायाची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे; लहान केंद्रे तिच्या आतच असतात.

हंगाम पाहून जावे

हॉटेल बारा महिने सारखे असते; शेत नसते. म्हणून सुटी मिळाली की जागा शोधायची, यापेक्षा पीक पाहून सुटी ठरवणे अधिक शहाणपणाचे. नाशिकच्या द्राक्षबागा जानेवारी ते मार्च-एप्रिल या काळात भरलेल्या असतात. ऑक्टोबरात छाटणी झाल्यावर तेथे गेल्यास उघड्या काड्या आणि मांडवाच्या तारा दिसतील. कोकणात आंबा-काजूसाठी एप्रिल-मे आणि भाताच्या लावणीसाठी जून-जुलै. लावणी पाहावयास जाणाऱ्याने चिखलात उतरण्याची तयारी ठेवावी. मात्र एका सरीच्या हौसेनंतर रोपे वाकडी लागली, तर ती यजमानाला पुन्हा लावावी लागतात, हेही ध्यानात ठेवावे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर स्ट्रॉबेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत मिळते. याच भागातील भिलार हे गाव मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. घराघरांत पुस्तकांची दालने, मागे स्ट्रॉबेरीची शेते आणि मुक्कामाला खोल्या असा तेथील बेत आहे. पीक नसलेल्या दिवसांतही पाहुण्याने का यावे, या प्रश्नाला एका गावाने शोधलेले हे चांगले उत्तर म्हणावे लागेल.

बंगळुरूतील मराठी कुटुंबांना कोडगू जवळचे. तेथे कॉफी उन्हात वाढत नाही. सिल्व्हर ओकसारख्या उंच झाडांच्या सावलीत वाढते आणि त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. त्यामुळे मळा हा अर्धा अरण्यच वाटतो. तोडणी साधारण डिसेंबर ते मार्च या काळात चालते. पण जाणकार वाट पाहतात ती त्यानंतरच्या वळवाची. उन्हाळ्याच्या तोंडी पडणाऱ्या या सरींना तेथे फुलोऱ्याचा पाऊस म्हणतात. पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले, की सारा मळा पांढऱ्या फुलांनी एकदम बहरतो आणि मोगऱ्यासारखा वास दरवळतो. हा बहर काही दिवसांतच ओसरतो. त्याची तारीख आधी कोणी सांगू शकत नाही. जेवणात तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे म्हणजे कडंबुट्टू आणि पंदी करी, अर्थात डुकराचे मांस, हे तेथले मानाचे पदार्थ. न खाणाऱ्यांनी तसे आधी कळवावे. यजमान दुसरी सोय आनंदाने करतात. एक सूचना मात्र कसोशीने पाळावी लागते. कोडगूत हत्ती मळ्यांत शिरतात आणि त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत. पहाटे किंवा तिन्हीसांजेला यजमानाला न विचारता मळ्यात फिरावयास जाऊ नये.

केरळात कुमरकोम आणि कुट्टनाडचा प्रदेश आहे. तेथे समुद्रसपाटीच्या खाली, बांध घालून भातशेती केली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. कुमरकोममध्ये २००८ च्या सुमारास 'जबाबदार पर्यटना'चा प्रयोग सुरू झाला. तेथील हॉटेलांना लागणारी भाजी, नारळ, अंडी गावातील महिलांच्या गटांकडून घ्यावीत, अशी त्याची रचना होती. केंद्र शासनाच्या पर्यटन ग्राम स्पर्धेत २०२४ मध्ये कृषी पर्यटन गटात जी पाच गावे निवडली गेली, त्यांत कुमरकोम होते. पंजाबातील हंसाली, उत्तराखंडातील सूपी आणि रत्नागिरी जिल्ह्यातील कर्दे ही गावेही त्यांत होती.

दिल्लीकडील मराठी माणसाला पंजाब सोयीचे. डिसेंबर-जानेवारीत मोहरी पिवळी झालेली असते, गुऱ्हाळे चालू असतात आणि सरसोंचा साग, मक्याची रोटी व ताजा गूळ यांसाठी दुसरे निमित्त लागत नाही. हिमाचलात सफरचंदाचा मोहोर एप्रिलमध्ये आणि फळ जुलैपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत असते. पण ते पावसाचे, दरडींचे दिवस असल्याने परतीचे तिकीट एक दिवस राखून काढावे. सिक्कीम २०१६ मध्ये देशातील पहिले सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झाले. तेथील खेड्यांत वेलदोड्याच्या बागांमधील घरांत राहता येते. गोव्यात फोंड्याच्या बाजूची कुळागरे बहुतेक पर्यटक दिवसाउजेडीच पाहून परततात. सुपारी, मिरी, जायफळ आणि पाटाचे पाणी यांची ती रचना सावकाश पाहण्यासारखी आहे.

डोंगरउतारावरील घर निवडताना पावसाळ्यात विशेष सावध असावे. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे कोसळलेल्या दरडींनी मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे उद्ध्वस्त केली. अतिवृष्टीचा इशारा असताना नोंदणी रद्द केल्यास पैसे परत मिळतील का, हे आधी विचारून घेणे म्हणजे कंजूषपणा नव्हे.

पाणी, फवारणी आणि रात्र

शेत हे कामाचे ठिकाण आहे आणि कामाच्या ठिकाणी धोके असतात. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ ची. या तळ्यांना पाणी मुरू नये म्हणून प्लॅस्टिकचे अस्तर घालतात. ते ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही, आणि उतार तीव्र असल्याने चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येता येत नाही. दिसायला तलाव, पण तो पोहण्याचा नव्हे. मुले बरोबर असतील, तर तळ्याला कुंपण आहे का आणि आत दोर टाकून ठेवले आहेत का, हे पोहोचल्या पोहोचल्या पाहावे.

द्राक्ष, डाळिंब, भाजीपाला यांवर कीटकनाशके व बुरशीनाशके फवारली जातात. फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे औषधागणिक ठरलेले असते. म्हणून वेलीवरचा घड तोडून तसाच तोंडात टाकण्याचा मोह आवरावा. शेवटची फवारणी केव्हा झाली, हे यजमानाला विचारावे. चांगला शेतकरी या प्रश्नाने दुखावत नाही. कोकणातील भातखाचरांत पावसाळ्यात उतरताना पायाला जखम असेल, तर ते टाळावे, कारण साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते.

रात्री विजेरीवाचून बाहेर पडू नये आणि जमिनीवर झोपू नये. मण्यार हा विषारी साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंशाच्या जागी फारशी वेदनाही होत नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांनी हा धोका पुष्कळ कमी होतो. प्रतिविष उपलब्ध असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचावयास किती वेळ लागतो, एवढी माहिती यजमानाकडे असावयास हवी.

नोंदणी करताना दूरध्वनीवर दोन-तीन गोष्टी विचारल्या, की बरेचसे कळते. सध्या शेतात काय उभे आहे? यजमान कुटुंब तेथेच राहते का? जेवणातील कोणता जिन्नस घरचा? शेती करणारा माणूस पहिल्या प्रश्नावर खुलून बोलतो. तलावाची लांबी-रुंदी सांगू लागणारा बहुधा बंगलाच देत असतो. ओळखपत्र प्रत्येकाने बरोबर ठेवावे. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातलग बरोबर येणार असतील, तर तसे आधीच सांगावे, कारण परदेशी नागरिक मुक्कामाला असल्याची माहिती यजमानाला २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावी लागते आणि लहान केंद्रांना ही गोष्ट अनेकदा ठाऊक नसते.

परतताना धान्य, गूळ, हळद, काजू, मध असे जे विकाऊ असेल, ते बाजारभावाने घेता येते. शेतकऱ्याला तोही भाव घाऊक दरापेक्षा बरा पडतो. ज्वारी घ्यावयाची असल्यास मात्र हुरड्याच्या दिवसांत मागू नये. नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते, आणि बरेच शेतकरी ती पुढे वाहनाने शहरात पोचती करतात.